बायपास आणि विहीणबाई

मला हार्ट अटॅक आला तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडे बघून गप्प होतो. पण झालं ते तसंच. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला आठवडाभर ठणका लागत होता. गिरणीत दळणाचा डबा उचलला की तो उठायचा, डबा ठेवून जरा टेकलं की थांबायचा. दाढ किडली असणार, असं मी धरून चालले. किडलेली दाढ माणूस खाली बसल्यावर कशी काय थांबेल, हा प्रश्न मला पडला नाही, आणि घरात दाढेबद्दल एवढं बारीक मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

बेलापुरात आमची पिठाची गिरणी आहे. आमचे हे साखर कारखान्यात फिटर आहेत, म्हणून गिरणी पहिल्यापासून मीच बघते. घराला लागून पत्र्याची खोली, तिथे एक मोठी चक्की गहू-ज्वारी-बाजरीला आणि एक छोटी डाळीला. बायका डबा दारात आणून ठेवतात. तिथून उचलून वरच्या पेटीत ओतायचा तो मीच. इतकी वर्षं हे केल्यावर हात-पाय दुखले तर त्यात सांगण्यासारखं काय? डावा कोपर भरून यायचा, तो डब्यांमुळं. धाप लागायची, ती पिठाच्या धुरळ्यामुळं. छातीत जळजळायचं, ते आम्लपित्त. त्याला ओवा आणि सैंधव होतं. शुगरची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू होती, तिच्यावर सगळा थकवा ढकलता येत होता. प्रत्येक दुखण्याला मी आधीच कारण नेमून दिलं होतं. जबडा तेवढा उरला होता, त्याला दाढ दिली.

त्या दिवशी यांना सुट्टी होती, म्हणून मोटारसायकलवर श्रीरामपूरला गेलो. दातांची डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची होती. तिने बॅटरी लावून तोंडात पाहिलं, आरशाच्या काडीनं एकेका दाढेवर टकटक केलं.

"काकू, दाढा चांगल्या आहेत. दुखतं कधी? खाताना?"

"नाही. वजन उचललं की."

तिने आरशाची काडी खाली ठेवली. "वजन उचललं की जबडा दुखतो? आत्ता दुखतोय?"

आत्ता दुखत होताच. बाहेर जिना चढून आले तेव्हापासून थांबला नव्हता. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. डोक्यावर पंखा चालू होता आणि माझ्या मानेवरून घाम ब्लाउजमध्ये उतरत होता. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. ती बाहेर गेली आणि यांना आत घेऊन आली. म्हणाली, "दाढेचं काही नाही. आधी यांचा ईसीजी काढा. उद्या नाही, आत्ता. आणि यांना चालवत नेऊ नका."

मला खरं म्हणजे रागच आला. दाढ काढायला आलेल्या बाईला ही कुठं पाठवते! पण यांनी रिक्षा बोलावली. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली, मला तिथेच आडवं केलं, जिभेखाली एक गोळी ठेवली, दुसऱ्या दोन-तीन चावून खायला लावल्या, रक्त घेतलं. मग यांच्याकडे वळून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अटॅक आहे. नगरला हलवायचंय. अँब्युलन्स मी सांगतो."

पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, आमच्या तोंडात मात्र नगर ते नगरच. राहुरीवरून जाताना रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला कळत होता. हे पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि सारखे मागं वळून बघत होते. मला मरणाबिरणाचं काही सुचलं नाही. शेजारणीची बाजरी चक्कीच्या पेटीत तशीच राहिली आहे, तेवढं मात्र आठवत होतं. मी ते सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, बोलू नका." मला त्रेपन्नावं चालू होतं. आजी म्हटल्याचंही मला त्या स्थितीत लागलं.

नगरच्या हॉस्पिटलात मनगटातून तार घालून अँजिओग्राफी केली. आपण जागेच असतो. नंतर डॉक्टरांनी यांना आणि मला पडद्यावर दाखवलं. पानाच्या शिरा दिसाव्यात तशा काळ्या रेघा हलत होत्या. हृदयाला रक्त देणाऱ्या मोठ्या नळ्या तीन, आणि माझ्या तिन्ही चोंदलेल्या. एक अगदी मुळापाशी, एक मध्ये दोन ठिकाणी, आणि तिसरी जवळजवळ बंदच. तिच्यापुढचा भाग आजूबाजूच्या बारीक फांद्यांवर कसाबसा जगत होता.

हे पडद्याकडे वाकले. कारखान्यात रस उकळणाऱ्या नळ्यांना आतून खर धरते, दगडासारखा टणक थर, ती साफ करण्यात यांचा जन्म गेला. हे म्हणाले, "साहेब, आमच्याकडं हंगामात नळ्या अशाच भरतात. आतून घासून काढतो आम्ही."

डॉक्टर हसले. "हृदयाच्या घासता येत नाहीत ना."

"मग ते स्प्रिंगासारखं टाकतात ते?"

"एका-दोन जागी असतं तर स्टेंट टाकले असते. इथे तिन्ही नळ्यांत आहे, मुळाशी आहे, वर शुगर. अशा पेशंटला बायपास जास्त टिकतं. छातीतली एक आणि पायातली एक शीर घेऊन अडलेल्या जागेच्या पुढे जोड द्यायचे. पण घाई नाही. अटॅकच्या वेळी रक्त पातळ करायची औषधं दिलीत, त्यांचा अंमल उतरू द्या. मग करू."

अटॅकवाले डॉक्टरच 'घाई नाही' म्हणाले, याचंच आम्हाला नवल वाटलं.

आता प्रश्न होता माझं करायचं कुणी. आम्हाला एकच लेक. ती पुण्यात, तेव्हा सातवा महिना लागला होता आणि बाळाची वार खाली सरकलेली म्हणून तिला पलंगावरून उतरतानाही जपायला डॉक्टरांनी सांगितलेलं. प्रवासाचं नावच नको. ती फोनवर नुसती रडायची. मला सख्खी जाऊ नाही. बहीण वैजापूरकडे, तिच्या घरी सासरा अंथरुणाला खिळलेला. यांना चहा करता येतो, आणि खिचडी होते असं हे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी यांच्या फोनवर विहीणबाईंचा फोन आला. यांनी तो माझ्या कानाला लावला.

"ईनबाई, मी येती."

"अहो, तुम्ही कशाला? काहीतरीच."

"येती म्हन्ले ना. बसनं निंगती उद्या."

फोन बंद.

विहीणबाई म्हणजे जावयाची आई. राहायला अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडच्या डोंगरात. भाताची खाचरं, दोन म्हशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलाला त्यांनी एकटीनं शिकवलं. उंच, काटक, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला पाणीही पिऊ देणार नाहीत अशा. लग्नात आमच्या मांडवात दुसऱ्या पंगतीला भात जरा कच्चा निघाला. त्यांनी शीत बोटात दाबून पाहिलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "भाकरीच्या मुलखात आलोय, भात कुठनं शिजायचा!" त्यांची माणसं हसली. आमचीही काही हसली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण ते शीत माझ्या दातात अडकलेलं होतं. त्यानंतर सणावाराला साडी-चोळी, आहेर, नमस्कार, सगळं रीतीनं होत होतं. मुलीकडची बाजू आपली, आपण वाकायचं, एवढं आम्हाला शिकवलेलं आहे. आणि आता ती मुलाची आई येऊन माझं अंग पुसणार.

मी यांना म्हटलं, "हे उलटं होतंय. नको म्हणून सांगा."

"सांगतो. मग तुझी वेणी कोण घालणार? मी?"



विहीणबाई आल्या त्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. वॉर्डात आल्याबरोबर त्यांनी गाठोडं खाटेखाली सरकवलं, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बगा, तुमच्यासाठी न्हाई आले मी. तकडं पोरगी रडून रडून जेवत न्हाई. प्वाटात माझं नातवंड हाय. तुमी नीट झाला की ती जेवंल. तवा लवकर नीट व्हा."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे आज कबूल करायला हरकत नाही. माझ्यासाठी आल्या असत्या तर मला ते पेललं नसतं.

ऑपरेशनचं मला फारसं सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हतेच म्हणायची. थंडगार खोली, गोल दिवे, कुणीतरी माझं गाव विचारलं, मी बेलापूर म्हणाले आणि पुढचं काही नाही. जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि तहान अशी की तेवढीच एक गोष्ट जगात शिल्लक होती. नळी काढल्यावर सिस्टरने ओल्या कापसानं ओठ पुसले. छातीवर मधोमध उभी पट्टी, डाव्या पायावर घोट्यापासून वर पट्टी, पोटावर दोन नळ्या. छातीचं हाड कापून परत तारेनं आवळलेलं असतं. ते सांधेपर्यंत काय काय करायचं नाही, ते मला एका दमात सांगितलं गेलं. कुशीवर झोपायचं नाही. हातावर भार देऊन उठायचं नाही. हात डोक्यावर न्यायचे नाहीत. भरला तांब्याही उचलायचा नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. आणि खोकला यायलाच हवा, नाहीतर छातीत कफ साठतो.

खोकायची मला भीती वाटायची. उशी धरली तरी आत काहीतरी करकरल्यासारखं व्हायचं. फुप्फुसांसाठी तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की गोळ्या वर चढतात. विहीणबाईंनी त्या खेळण्याचा ताबा घेतला. समोर स्टुलावर बसायच्या, हातात खेळणं धरून.

"वढा. वढा. एक चढली. दुसरी हालली, हालली... सोडू नका! हात् तेच्या."

"दमले मी."

"दमायला काय झालं? म्हशीनं दूध द्यायच्या आधी वासरू किती ढुसन्या मारतंय, तेवढा तरी जोर लावा."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला हसू यायचं, आणि हसलं की तिला तिची उशी धरावी लागायची. तिचंही तेच ऑपरेशन झालेलं.

डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी काळजी घेणाऱ्या माणसाला बोलावलं. हे पुढं झाले, तर विहीणबाई यांच्याही पुढं. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही यांच्या बहीण का?"

"ईन."

डॉक्टरांनी गोळ्यांच्या पाकिटावरून मान वर केली. "विहीण? मुलीची सासू?"

"व्हय. का, चालत न्हाई का?"

"चालतंय की," डॉक्टर म्हणाले, "असं बघितलं नव्हतं, म्हणून विचारलं."

घरी आल्यावर खरी अडचण झाली यांची. घरात विहीण मुक्कामाला म्हटल्यावर हे बनियनवर फिरणं बंद, मोठ्यानं नाक शिंकरणं बंद. यांनी आपलं अंथरूण गिरणीत हलवलं आणि जेवणाचं ताट तिकडेच मागवायला लागले. विहीणबाईंनी दोन दिवस ताट नेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी ताट स्वयंपाकघरात मांडलं आणि दारातून हाक मारली, "ईवाई, हितं येऊन जेवा. मी काय तुमाला खात न्हाई. तकडं ताटात पीठ पडतंय." हे शर्टाची बटणं लावत आले.

पहिली अंघोळ मला अजून जशीच्या तशी आठवते. हॉस्पिटलात अंग पुसलं होतं ते सिस्टरने. ते तिचं कामच होतं. इथे न्हाणीत प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसलेली, पुढून बटणं असलेला गाऊन, आणि समोर बाह्या सारून विहीणबाई. मी म्हटलं, "तांब्या द्या, मी घेते पाणी. तुम्ही बाहेर थांबा."

"तांब्या उचलायचा न्हाई म्हन्लेत."

"अर्धा भरून घेते."

"आन् पडलात मंजी? ईनबाई, लाजायचं ते लाजून घ्या आजच्या दिस. रोज रोज कुटं लाजत बसता?"

मग त्यांनी मला बारक्या पोरासारखं न्हाऊ घातलं. जखमेला पाणी लागू न देता, पाठीवर, पायांवर. डाव्या पायावरच्या लांब टाक्यांकडे बघून म्हणाल्या, "शिवलंय मातर सरळ. गोधडीला घालती तसं." मी डोळे मिटून बसले होते. साबण डोळ्यांत गेल्याचं सांगितलं, ते त्यांनी मान्य केलं. मग केस विंचरले. माझे हात डोक्यापर्यंत जात नव्हते आणि पंधरा दिवसांचा गुंता झाला होता. एकेक बट हातात धरून खालून वर सोडवत त्यांनी दुपार घालवली. ओढ लागू दिली नाही. इतक्या तिखट बोलणाऱ्या बाईचा हात इतका हलका असेल, असं मला वाटलं नव्हतं.

जेवणावरून मात्र रोज वाजायचं. डॉक्टरांनी मीठ कमी, तेल कमी आणि शुगरमुळं भात अगदी थोडा सांगितला होता. भात थोडा, हे विहीणबाईंना पटतच नव्हतं.

"भातानं कधी कुनाचं वाईट झालंय का? आजाऱ्याला पेजच देत्यात."

"माझी शुगर वाढते त्यानं."

"हा आमच्या खाचरातला हाय. लई हलका."

शेवटी त्यांना भाकरी करावी लागली. ज्वारीची भाकरी त्यांना जमत नव्हती. तिकडे नाचणीची सवय. मधे जाड, कडेला चिरलेली. मी चार दिवस गप्प खाल्ली. पाचव्या दिवशी माझ्या तोंडून निघालंच, "विहीणबाई, कडेला कच्ची राहिली. भाताच्या मुलखातून आलाय, भाकरी कुठनं भाजायची!"

त्या तव्यापाशी थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता गाठोडं बांधतात. पण त्या म्हणाल्या, "तीन वर्सं धरून ठिवलं हुतं व्हय तुमी?" आणि खदखदून हसायला लागल्या. मलाही हसू फुटलं. छातीत कळ आली, उशी सापडेना, त्यांनीच धावत येऊन हातानं माझी छाती दोन्ही बाजूंनी दाबून धरली आणि तशाच हसत राहिल्या. हे गिरणीतून काय झालं म्हणून पळत आले.

अशा ऑपरेशननंतर कारण नसताना रडू येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला यायचं. टीव्हीवर बातम्या लागल्या तरी, कुणी कणीस आणून दिलं तरी. एका संध्याकाळी ओसरीवर बसले असताना सुरू झालं ते थांबेना. विहीणबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं आपलं आपणच सांगायला लागल्या.

"आमचे मालक गेले ते लावनीच्या टायमाला. सकाळधरनं प्वाटात आग पडली म्हनत हुते. मी ववा दिला, वर गरम पानी. म्हन्ले, पडा जरा बांधावर. आमी बाया रोपं लावत हुतो. दोन येळा हाक मारली, ओ दिली. तिसऱ्यांदा न्हाई दिली. जीपगाडी मिळून राजूरला नेईपतूर सपलं हुतं. डाक्टर म्हन्ला, प्वाटाचं नव्हतं ते, काळजाचं हुतं."

मी रडायची थांबले होते. ओवा मीही खात होते.

"म्हणून आलात का तुम्ही माझ्याकडं?" मी विचारलं.

"न्हाई वो. सांगितलं की, पोरगी रडत हुती म्हनून आले." त्यांनी सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला. "तुमाला दातवाली भेटली. आमाला कुनी भेटलं न्हाई. एवडंच."



गिरणी बंदच होती. गावातल्या बायका दारात येऊन बघून जायच्या, दळण दुसरीकडे न्यायच्या. मग कारखान्यातून आल्यावर हे संध्याकाळी दोन तास चक्की चालवायला लागले. फिटर माणूस, यंत्राचं कळतं, पण पिठाचं कळत नाही. एका संध्याकाळी मी आत पडून चक्कीचा आवाज ऐकत होते आणि तो आवाज मला बरोबर वाटेना. दगड एकमेकांना फार जवळ आले होते. थोड्याच वेळात करपल्यासारखा वास आला. हाक मारायला आवाज निघत नव्हता, विहीणबाई मागं भांडी घासत होत्या. मी उशी छातीशी धरली, पाय खाली सोडले, शिकवल्याप्रमाणे हात न टेकता उठले आणि चालत गिरणीत गेले. माझ्या खाटेपासून गिरणीपर्यंत पंचवीस-तीस पावलं असतील. दारात उभी राहून मी म्हटलं, "दगड सैल करा. पीठ जळतंय."

यांनी आधी चक्की बंद केली आणि मग ओरडले. तोवर विहीणबाई हातातला घासलेला तांब्या घेऊनच आल्या होत्या. मला वाटलं आता दोघं मिळून झापणार. विहीणबाईंनी माझा श्वास पाहिला, ओठ पाहिले आणि यांना म्हणाल्या, "डाक्टरानं चालायलाच सांगितलंय. चालल्या त्या. तुमी पैलं पीठ बगा, कुनाचं जाळलं ते." दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्यांनी मला गिरणीपर्यंत आणि परत चालवायला सुरुवात केली. पुढं शाळेपर्यंत, मग नदीपर्यंत.

आमचं खरं भांडण झालं ते बाळंतपणावरून. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मी मनात हिशेब करत होते, की लेकीचे दिवस भरेपर्यंत मला दोन महिने होतील, तिला गाडीनं सावकाश आणू. हे मी बोलून दाखवलं तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "येडं का खुळं! तुमाला तांब्या उचलंना आन् बाळ उचलनार?"

"तोवर होईन मी बरी. माझी लेक आहे. एकुलती एक आहे. तिचं बाळंतपण मी केलं नाही तर लोक काय म्हणतील?"

"लोक येनार हायत का टाके उसवले तर?"

"तुम्हाला काय, तुमच्याकडं मुलगा आहे. मुलीच्या आईचं तुम्हाला नाही कळायचं."

हे बोलायला नको होतं, पण बोलले. त्या गप्प झाल्या, आणि विहीणबाई गप्प झाल्या की घर ओळखू येत नाही. पूर्ण दिवस आम्ही कामापुरतं बोललो. संध्याकाळी लेकीचाच फोन आला. तिच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की वार अजून खालीच आहे, पुणे सोडायचं नाही, सिझेरियन करावं लागणार. म्हणजे आम्ही दोघी ज्यावरून भांडलो ते आमच्या हातातच नव्हतं. फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसले. मागून विहीणबाईंचा आवाज आला, "बाळातपन मी करती तिकडं. पन डिंकाचे लाडू म्हायेरचेच पायजेत. ते तुमी करायचे. सामान काय काय लागतंय ते ईवायास्नी सांगा."

मग स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मी बसले. डिंक तुपात कसा फुलवायचा, खारीक किती बारीक, गूळ कधी उतरवायचा, हे मी सांगायचं आणि त्यांनी करायचं. त्यांचं म्हणणं मेथी घालायची, माझं म्हणणं लेकीला मेथी आवडत नाही. शेवटी निम्मे मेथीचे झाले. वळायला मात्र दोघी बसलो. लाडू वळण्यात वजन काही नसतं. ऑपरेशननंतर माझ्या हातानं केलेलं ते पहिलं काम.

लाडवांचे डबे घेऊन विहीणबाई बेलापुरातून थेट पुण्याला गेल्या. निघताना मी त्यांना साडी-चोळी दिली. वाकून नमस्कार करायला गेले, तर त्यांनी खांद्याला धरून सरळ उभं केलं. "वाकू नका. हाड सांदलं न्हाई अजून." बस आली आणि त्या मागं न बघता चढल्या, जागा पकडायची होती.

नात झाली. सिझेरियनला रक्त बरंच गेलं, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या, हे मला चार दिवसांनी कळलं. मला तेव्हा सांगायचं नाही असं विहीणबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. मला त्याचा राग आला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. मी आजारी होते, मेलेली नव्हते. नगरच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर आम्ही पुण्याला गेलो. लेकीनं मला पाहिलं आणि माझ्या ब्लाउजच्या गळ्यातून वर दिसणाऱ्या टाक्याच्या रेषेला बोट लावलं. मी तिच्या पोटाकडे पाहिलं. दोघींनाही पाठोपाठच शिवलेलं. विहीणबाईंनी माझ्या मांडीवर उशी ठेवली आणि उशीवर बाळ ठेवलं. "धरा. उचलू नका, नुसतं धरा." मी धरलं.

आता दीड वर्ष होत आलं. सकाळी सहा गोळ्या, संध्याकाळी तीन. डॉक्टर म्हणतात, हृदयाचं पंपिंग पहिल्यासारखं नाही, पण कामाला पुरेल एवढं आहे. गिरणी मी चालवते. डबा ज्याचा त्यानं वर ओतायचा. काही बायकांना ते आवडलं नाही, त्या दुसऱ्या गिरणीत जातात. पाय थोडा सुजतो. थंडीत छातीची रेघ ओढल्यासारखी होते.

मी बरी झाल्यावर विहीणबाईंच्या मागं लागले की तुम्हीही तपासून घ्या. त्या सहा महिने दाद देईनात. "मला काय धाड भरलीय?" शेवटी जावयाकडून गळ घातली. ईसीजी चांगला निघाला, बीपी मात्र खूप. गोळी सुरू झाली. ती घेतली का, हे विचारायला मी रोज फोन करते, आणि त्या रोज 'घेतली' म्हणतात. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक.

सध्या आमचा वाद नातीच्या जावळावरून चालू आहे. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं. माझ्या लेकीला भाऊ नाही. मी म्हणते माझ्या बहिणीच्या मुलाला मामा म्हणून बसवू, बेलापुरात करू. त्या म्हणतात, त्यांच्या वस्तीवर करायचं, मामा त्या शोधतील. लेक म्हणते, तुम्ही दोघी आधी ठरवा. काल फोनवर अर्धा तास झाला. ठरलं काहीच नाही. उद्या परत बोलायचंय.